आमच्या घरी बेकार कोणी नाही

गेल्या पौष महिन्यातील गोष्ट. सकाळचे ऊन नुकतेच ओट्यावर उतरले होते. दादा पंचांग उघडून बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी वर्तमानपत्र चाळीत होतो. इतक्यात सरकारी सांख्यिकी खात्याकडून आलेला एक तरुण मुलगा अंगणात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढे यंत्र. हल्ली कागदपेन्सिलीचे काम त्या यंत्रावरच होते. "देशात किती लोकांस काम आहे नि किती जणांस नाही, याची पाहणी चालू आहे, आजोबा. त्यात आपले घर निघाले आहे. घरात माणसे किती, कोणाचे शिक्षण काय, नि प्रत्येक जण काय करतो, एवढे सांगायचे."

रिसोड तालुक्यातील आमचे हे घर जुन्या वळणाचे आहे. थोरले बंधू, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, थोरली सून, तिची दोन मुले, आणि आम्ही उभयता. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. चूल एक आहे आणि शेतीही एक आहे, सोळा एकर. दादांनी एकेकाचे सांगावयास आरंभ केला. ते स्वतः शेती करतात. थोरला पुतण्या शेती करतो. सून घरकाम पाहते. "दूधदुभते आहे का?" मुलाने विचारले. दोन म्हशी आहेत, सून धार काढते आणि तीन घरी रतीब जातो, असे कळल्यावर त्याने तिच्या नावापुढचा घरकामाचा शेरा बदलला आणि तिला काम करणाऱ्यांत घातले. सुनेने दाराआडून हे ऐकले आणि ती हसली. लग्नाला बारा वर्षे झाली, पण आपण कामाला आहो हे तिला त्या दिवशी प्रथमच कोणी सांगितले होते.

"आणि हे?" खांबाला टेकून उभ्या असलेल्या धाकट्या पुतण्याकडे पाहून त्याने विचारले. शिक्षणाच्या रकान्यात एम.ए., डी.एड. असे त्याने आधीच भरले होते. क्षणभर कोणी बोलले नाही. दादांनी पंचांगाचे पान उलटले. मग मीच म्हणालो, "तोही शेतीच पाहतो."

जाताना त्या मुलास मी चहा दिला आणि मास्तरकीच्या सवयीने विचारले, "मग काय रे, आमच्या घरी बेकार किती निघाले?" तो म्हणाला, "एकही नाही, आजोबा."

रात्री जेवणे झाल्यावर पुतण्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मी बेकार आहे असे लिहू द्यायला हवे होते तुम्ही. कुठल्या यादीत माझे नाव लागले नाही. निदान त्या यादीत तरी लागले असते."

त्या वाक्याने मला पुष्कळ दिवस नीट झोप आली नाही, आणि या लेखाचे कारणही तेच आहे. अर्थशास्त्राचा माझा अभ्यास नाही. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; पुढे थोडे संस्कृत आणि जन्मभर प्राथमिक शाळेतील मुले, एवढीच माझी पुंजी. परंतु आपल्याच घरातील एक माणूस आपल्याच तोंडच्या एका वाक्याने हिशेबातून नाहीसा झाला, हे ध्यानी आल्यावर तो हिशेब कसा मांडतात ते पाहणे मला भाग पडले.

ही पाहणी भारत सरकारने २०१७ साली सुरू केली. तिचे मूळ नियम ऐकून वाचकांस नवल वाटेल. वर्षभराचा विचार करताना एखाद्याने मुख्यतः काही केले नसले, तरी तीस दिवसांहून कमी नाही इतके काम जोडधंदा म्हणून केले असेल, तर तो कामकऱ्यांत जमा होतो. आठवड्याचा विचार करताना मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले असले तरी पुरते. घरच्या शेतीत वा दुकानात वेतनावाचून मदत करणारा माणूसही काम करणाराच मानला जातो. आणि बेकार ठरावयाचे, तर केवळ काम नसून भागत नाही. काम शोधीत असले पाहिजे, निदान मिळाल्यास करावयास सिद्ध असले पाहिजे. शोधून शोधून थकलेला आणि म्हणून शोधणेही नि काम मिळाल्यास करण्याची तयारीही सोडून दिलेला माणूस बेकारही नाही आणि कामकरीही नाही. तो श्रमिकांच्या मोजदादीबाहेर जातो.

हे नियम कोणा लबाडाने केले असे मला म्हणावयाचे नाही. जगातील बहुतेक देश थोड्याफार फरकाने असेच मोजतात, आणि कोठे तरी रेघ ओढावीच लागते. जेथे माणूस एकतर कारखान्यात असतो नाहीतर कारखान्याच्या दाराबाहेर असतो, तेथे ही रेघ पुष्कळशी खरी पडते. आमच्यासारख्या घरात मात्र दाराबाहेर कोणीच नसतो. याच पाहणीप्रमाणे देशातील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली शेकडा ६.१ होते आणि २०२३-२४ साली ३.२ झाले. याच अवधीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या वा काम मागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २३.३ वरून ४१.७ वर गेले. यांतील पुष्कळ जणी आमच्या सुनेप्रमाणे घरच्या धंद्यात राबणाऱ्या आहेत. त्यांच्या श्रमाची नोंद झाली हे न्याय्यच झाले. पण त्या नोंदीने नवा पगार कोणाच्या हाती पडला नाही, हेही तितकेच खरे.

मला या ठिकाणी २०११ सालच्या पटपडताळणीची आठवण होते. त्या ऑक्टोबरात साऱ्या महाराष्ट्रातील शाळांत एकाच वेळी मुले मोजली गेली. शाळेच्या पटावर नाव असणे ही एक गोष्ट आणि बाकावर मूल बसलेले असणे ही दुसरी. त्या तीन दिवसांत या दोहोंतील अंतर उघडे पडले. पटावरील लाखो नावांची मुले प्रत्यक्ष नव्हतीच. आम्ही शिक्षक मंडळी त्या वेळी खजील झालो, आणि व्हावयास हवेच होते. त्या दिवशी ओट्यावर मीही तसेच केले. बाकावर नसलेल्या मुलाचे नाव मी पटावर चढविले.

१९३६ साली जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या विदुषीने या प्रकारास 'प्रच्छन्न बेकारी' या अर्थाचे नाव दिले. तेव्हा १९२९ पासूनच्या जागतिक मंदीचे दिवस होते. गिरणीतून काढलेला माणूस रस्त्यावर आगपेट्या विकू लागला, म्हणजे तो कामकरी झाला काय, असा तिचा प्रश्न होता. पुढे इतर पंडितांनी हाच विचार आशियातील शेतीस लावला. त्यांचे म्हणणे असे, की शेतावरील पाच माणसांपैकी दोन काढून घेतली आणि पीक एका पायलीनेही घटले नाही, तर ती दोन माणसे नांगरापाशी उभी असूनही बेकारच होत.

आमच्या सोळा एकरांचा हिशेब मी याच रीतीने करून पाहिला. दादा, दोन पुतणे आणि एक सालदार अशी चार माणसे. ट्रॅक्टर भाड्याने येतो. फवारणी, डवरणी, खत हे सारे धरूनही थोरला पुतण्या आणि सालदार यांना पुरून उरेल एवढेच काम वर्षाकाठी निघते. दादांचे वय झाले. ते बांधावर उभे राहतात, त्यांचा प्रश्न नाही. धाकटा सकाळी शेतात जातो, मोटार सुरू करून येतो, तूर विकावयाची असली तर वाशिमला बाजार समितीत जातो. तो गेला नाही तरी काही अडत नाही. हे त्यालाही कळते, आणि थोरल्यालाही कळते, पण दोघे भाऊ एकमेकांस तसे कधी बोलून दाखवीत नाहीत.

पूर्वी असे नव्हते. माझ्या लहानपणी या भागात कापूस आणि ज्वारी ही मुख्य पिके असत. कापसाची वेचणी एकदा करून संपत नाही; दिवाळीपासून थेट शिमग्यापर्यंत बोंडे फुटतील तसतशी ती चालते. गावातील बायांना तेवढे महिने काम असे. पुढे सरकी काढणे, गाठी बांधणे यासाठी कारंज्याकडील जिनांत पुरुषांची सोय होई. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आले. त्याने शेतकऱ्याच्या हाती दसरा-दिवाळीस रोकड दिली, हे त्याचे श्रेय मी नाकारीत नाही. पण मृगात पेरावे आणि शंभर दिवसांत सोंगून मोकळे व्हावे, असे ते पीक. निंदणाचे काम तणनाशकाने घेतले आणि सोंगणीही आता यंत्र करू लागले. जे पीक एका कुटुंबास पाच महिने काम देई, त्याच्या जागी पंधरा दिवसांत आटोपणारे पीक आले. जमीन तेवढीच आहे, पाऊसही साधारण तेवढाच. बेकारी मात्र पिकाबरोबर बदलली. आमच्या जिल्ह्यात मोठे कारखाने नाहीत. १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा २०१८ साली सरकारच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत गेला. नाव संस्कृत आणि गोड आहे. अर्थ एवढाच, की जे इतरांस लाभले ते यांस अद्यापि लाभावयाचे आहे. म्हणून माणसे पुण्यामुंबईची वाट धरतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून ती वाट अधिक सुकर झाली, इतकेच.

शब्दांविषयी थोडे बोलल्यावाचून मला राहवत नाही. 'बेकार' हा फारशी शब्द. कार म्हणजे काम, ते ज्याला नाही तो बेकार. पण आपण मोडक्या छत्रीलाही बेकार म्हणतो आणि तोच शब्द माणसास लावतो. संस्कृतातून आलेला 'निरुद्योगी' तर त्याहून कठोर. उद्योग म्हणजे यत्न. ज्याच्या ठायी यत्न नाही तो निरुद्योगी. म्हणजे काम मिळाले नाही हा दोष नावातच त्या माणसाच्या माथी बसला. निजलेल्या सिंहाच्या मुखात हरणे आपण होऊन शिरत नाहीत, या अर्थाचे सुभाषित मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. सिंह जागा आहे, धावतोही आहे, परंतु रानात हरणेच उरली नाहीत, तर काय करावे, हे कोणा मुलाने मला विचारले नाही आणि मलाही ते सुचले नाही.

अर्थशास्त्रातही पूर्वी असेच समजत. काम नाही म्हणजे मजूर जास्त वेतन मागत असला पाहिजे, थोडे उतरला की काम मिळेल, अशी जुन्या पंडितांची समजूत होती. केन्स याने १९३६ सालीच दाखवून दिले, की लोकांच्या खरेदीचीच ओढ कमी पडली, तर मिळेल त्या मजुरीवर राबण्यास तयार असलेला माणूसही रिकामा राहतो.

आपल्या महाराष्ट्राने मात्र या बाबतीत एक गोष्ट फार मोठी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगावकडे एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यावयाचे. १९७२ च्या दुष्काळात तो विचार राज्यभर पसरला. माझे आजोळ हिंगोलीकडचे. त्या वर्षी मी तेथे खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा पाहिल्या आहेत. त्यांत चांगली जमीनजुमला असलेली माणसेही डोक्यावर पदर वा पंचा ओढून बसलेली होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी पैसा हवा म्हणून नोकरदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला होता. माझ्या वेतनपत्रकात ती कपात वर्षानुवर्षे दिसे, आणि खरे सांगतो, ती मला कधी जड वाटली नाही. २००५ साली साऱ्या देशासाठी ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा झाला, त्याचे बीज आपल्याच भूमीतील होते.

परंतु ही हमी कुदळफावड्याच्या कामाची. प्रमाणपत्र घेऊन बसलेल्यास हमी देणारा कायदा कोणी केला नाही. तसा करता येईल असेही मला वाटत नाही. पांढरपेशा घरात ती हमी आपण एकमेकांस देत आलो, आणि येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

मी १९७८ साली नोकरीस लागलो. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले होते. मुलाखतीचे पत्र आले, गेलो, आणि दुसऱ्या महिन्यात हाती हजेरीपट होता. जगाची रीतच ही, असे मी समजून चाललो. २००८ साली घरात दोन मुलांच्या शिक्षणाचा निर्णय एकाच संध्याकाळी, एकाच माजघरात झाला. माझा मुलगा बारावी झाला होता आणि धाकटा पुतण्या बी.ए. मुलाला अभियांत्रिकीस पुण्यास पाठवावयाचे ठरले; त्यासाठी मी भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली. पुतण्याबद्दल दादांनी मला विचारले, "तू त्यातला माहीतगार. याचे काय करावे?" मी म्हणालो, "डी.एड. करू द्या. दोन वर्षांत मार्गाला लागेल." त्या वेळी गावोगाव डी.एड.ची विद्यालये निघत होती. दरवर्षी बाहेर पडणारी मुले किती आणि जागा किती, हा तिसरीतल्या मुलासही जमेल असा वजाबाकीचा हिशेब मी, गणित शिकविणाऱ्याने, केला नाही.

तो २०१० साली उत्तीर्ण झाला. त्या वर्षीच्या परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिला. 'पुढल्या खेपेस होईल,' असे मीच म्हणालो. पुढल्या वर्षी पटपडताळणी झाली, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबविली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली. ती तो उत्तीर्ण झाला. २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, तीही दिली. दरम्यान एम.ए. झाला. एका विनाअनुदानित शाळेत चार वर्षे शिकविले. तेथे वेतन कधी मिळे, कधी मिळत नसे. एका ठिकाणी नेमणुकीसाठी जी रक्कम सुचविण्यात आली, ती द्यावयास दादा दोन एकर विकण्यास तयार झाले होते. पुतण्याने नको म्हटले. मुली सांगून येत, मुलगा काय करतो विचारीत, आणि निरोप येणे थांबे. खुल्या वर्गास वयाची मर्यादा अडतीस वर्षांची. येत्या आषाढात त्याला अडतिसावे पूर्ण होईल.

माझा मुलगा पुण्यास सुखात आहे. वहिनींनी आजवर मला एका शब्दाने त्या संध्याकाळची आठवण दिली नाही. सणावारी माझा मुलगा येतो तेव्हा त्या त्याच्या पानात आधी तूप वाढतात. त्यांनी एकदा बोलून टाकले असते, तर मला बरे वाटले असते.

एकत्र कुटुंबाने आम्हांस कोणास उपाशी राहू दिले नाही, हा त्याचा मोठेपणा मी जाणतो. शहरात एकट्याने राहणाऱ्याचे काम गेले म्हणजे महिन्याभरात त्याच्या चुलीला कळते. आमच्याकडे एक ताट वाढले काय नि कमी झाले काय, भाकरी थापणाऱ्या हातालाही समजत नाही. पण ज्या घरात माणूस उपाशी राहत नाही, त्या घरात त्याचे रिकामे असणे कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. आम्ही त्याला मोटार सुरू करावयास पाठवितो, बँकेत पाठवितो, पाहुण्यांस आणावयास पाठवितो, आणि तो कामात आहे असे स्वतःस सांगतो. सोळा वर्षे आम्ही त्याला असे कामात ठेवले. पुण्यास जाऊन काही दुसरे पाहतो, असे तो २०१४ साली म्हणाला होता. तेव्हाही 'घरचे सोडून कोठे जातोस, भरती आज ना उद्या निघेल,' असे म्हणणारा मीच.

या पाहणीचा नियम २०२५ पासून असा आहे, की एकदा निवडलेल्या घरी चार महिने लागोपाठ विचारपूस होते. त्याप्रमाणे माघात तो मुलगा पुन्हा आला. या खेपेस फक्त मागील सात दिवसांचे विचारावयाचे होते. दादा बोलू लागणार तोच पुतण्या पुढे येऊन त्याच्या समोर बसला. "माझे मी सांगतो," म्हणाला. "मला काम नाही. मी शोधतो आहे. तसे लिहा."

मुलाने मान हलविली. "गेल्या सात दिवसांत घरच्या शेतात काहीच केले नाही?"

पुतण्या विचारात पडला. खोटे बोलणे त्याच्या स्वभावात नाही. "सोमवारी तुरीची पोती मोजून गाडीत भरून दिली. दोन तास गेले असतील."

"मग काम नाही असे लिहिता येत नाही, दादा," मुलगा संकोचून म्हणाला. "एक तासही पुरतो."

पुतण्या थोडा वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिला आणि मग हसला. त्याचे ते हसणे पाहून मी मान खाली घातली. मुलाने बोटाने नोंद केली आणि पुढचे नाव विचारले. पुढचे नाव माझे होते.